कोयंडेकाकांचा अर्धा तास

कोयंडेकाकांशी बोलताना ‘कारण’ हा शब्द वापरायची सोय नव्हती. ‘काका, गाडी बंद पडली, कारण...’ एवढं तुमच्या तोंडून निघालं की त्यांचा उजवा हात वर जायचा, कानातलं मशीन काढायचा आणि शर्टाच्या खिशात ठेवायचा. त्यात घाई नसायची की राग नसायचा. चष्मा पुसायला काढावा तितक्या सहज. मग ते तुमच्याकडे अगदी प्रेमाने बघत बसायचे. तुमचे ओठ हलायचे थांबले की मशीन पुन्हा कानात. ‘हां, आता बोल. काय झालां तां सांग. कित्याक झालां तां माका नको.’

आता सांगा, असा माणूस आमच्या सोसायटीत कसा टिकावा? मुलुंड पूर्वेला आमची चार मजल्यांची जुनी इमारत. इथे पाणी आलं नाही तर टाकी बघायला गच्चीवर कोणी जात नाही, पण का आलं नाही यावर जिन्यात सभा भरते. लिफ्ट अडकली तर आतला माणूस ओरडतोय आणि बाहेर तिघं जण भांडतायत, दोष केबलचा की नगरसेवकाचा. कारणांची आम्हाला कधी टंचाई भासली नाही. मी स्वतः एका सरकारी कार्यालयात सत्तावीस वर्षं आवक-जावक सांभाळली. कोणता कागद का हरवला याची माझ्याकडे उत्तरं तयार असायची. कागद सोडून सगळं असायचं.

कोयंडेकाका तळमजल्यावर राहायचे. मूळचे मालवणकडचे, आधी गिरणीत होते, गिरणी बंद झाल्यावर घाटकोपरच्या बाजूला एका बस डेपोत लागले. तिथे त्यांचं काम एकच. पाळी संपवून ड्रायव्हर गेटात आला की त्याची तक्रार वहीत लिहून घ्यायची. बत्तीस वर्षं त्यांनी ड्रायव्हरांच्या तक्रारी लिहिल्या आणि त्या इंजिनांच्या गोंगाटात कान गमावले. ‘ड्रायव्हर येता नि म्हणता, क्लच गेलो. अरे, तुका कोणी सांगितलां क्लच गेलो? तू काय क्लचाच्या मयताक गेल्लंस? मी लिवायचो, चढावर गाडी ओढणा नाय. बास. पुढचां वर्कशॉप बघात.’ त्यांची मुंबईची मराठी अशी मधूनच मालवणात उतरायची.

बुटका बांधा, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, काखेत नेहमी एक घडीचं स्टूल. कोणाच्याही गाडीपाशी बोलावलं की ते बॉनेटकडे जात नसत. गाडीच्या मागे पाच पावलांवर स्टूल मांडून बसत आणि बघत. लोकांना वाटायचं, म्हातारा ऊन खातोय.

आमच्याकडे अण्णांची गाडी होती. अण्णा म्हणजे माझे सासरे. एकेकाळी मुंबईच्या सगळ्या टॅक्सी ज्या जातीच्या असायच्या त्याच जातीची, फक्त काळी-पिवळी नाही तर दुधी रंगाची. अण्णांनी ती मला चालवायला शिकवली. स्वतःच्या मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, शिकवली नाही. ‘श्रीकांत क्लच जाळतो,’ असं चारचौघांत सांगायचे. श्रीकांत बिचारा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकला, पण त्या गाडीवर त्याचा जीव. शेवटच्या आजारात अण्णांनी त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाले, ‘गाडी ठणठणीत आहे. निर्धास्त चालव.’ तीन दिवसांनी ते गेले.

वर्ष होईपर्यंत गाडी गेटबाहेर काढायची नाही असं श्रीकांतने ठरवलं. दर रविवारी कंपाउंडातच पाच मिनिटं इंजिन चालू करायचा, बंद करायचा, आणि स्टिअरिंगवर हात ठेवून तासभर नुसता बसायचा. मी चहा तिथेच नेऊन द्यायचे. वर्षश्राद्ध झाल्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही पहिल्यांदा बाहेर पडलो. भांडुप गेलं, कांजूरमार्ग गेलं, सगळं झकास. पवईकडचा चढ सुरू झाला आणि गाडी धापा टाकायला लागली. अर्ध्या चढावर एक उचकी आणि बंद. मागचे ट्रकवाले आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. श्रीकांतला काही ऐकू येत नव्हतं.

‘जातानाही खोटंच बोलले,’ तो म्हणाला.

अण्णांनी आपला आजार वर्षभर आमच्यापासून लपवला होता. ते श्रीकांतच्या मनातून गेलंच नव्हतं. त्यात आता ही गाडी. मला त्याच्या चेहऱ्याकडे बघवेना.

त्यानंतरचे सात महिने म्हणजे विद्वानांचा मेळावा. श्रीकांत म्हणाला, कॉइल तापते. चढावरच त्याने कॉइल बदलली. गाडी चालू झाली. झालं, सिद्ध! पुढच्या रविवारी त्याच चढावर पुन्हा बंद. आमचे चेअरमन पाटणकर पवईच्या एका मोठ्या संस्थेत नोकरीला होते. स्टोअरमध्ये होते, पण ‘संस्थेत होतो’ एवढंच सांगायचे. त्यांचं निदान असं की उन्हाने पेट्रोलची वाफ होते. त्यांनी पेट्रोल-पंपावर, म्हणजे इंजिनातल्या त्या छोट्या पंपावर, स्वतःचा पंचा ओला करून गुंडाळला. वीस-पंचवीस मिनिटं वारा घातला. गाडी चालू! पाटणकरांनी रस्त्यातच टाळी मागितली. आमच्या वरच्या मजल्यावरचा मिलिंद जाधव कॉम्प्युटरवाला. तो गाडीची तपासणी करणारं यंत्र घेऊन आला आणि ते जोडायचं भोक शोधत डॅशबोर्डखाली बराच वेळ उताणा पडून राहिला. त्या गाडीला असलं काही नसतंच हे कळल्यावर म्हणाला, ‘मग रीस्टार्ट करू या ना, यार,’ आणि बॅटरीची वायर काढून पुन्हा लावली. गाडी चालू! भांडुपच्या गॅरेजवाल्याने कार्बोरेटर साफ केला, त्यानेही गाडी चालू झाली. हसू नका, एकदा सगळे दमले तेव्हा मी मागच्या सीटवर बसून अकरा वेळा मारुतीस्तोत्र म्हटलं. चालू!

म्हणजे बघा, सगळ्यांचे उपाय लागू पडत होते. गाडी तेवढी बरी होत नव्हती. दर रविवारी दहा-बारा मिनिटं चालायची आणि चढावर जीव सोडायची. पण आपला उपाय लागू पडलेला माणूस कधी ऐकतो का? पाटणकर आणि श्रीकांत यांचं बोलणं बंद झालं ते पंचा की कॉइल यावरून. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पेट्रोलमध्ये उसाचा रस मिसळतात इथपर्यंत मजल गेली.

आणि अशात सोसायटीची रिडेव्हलपमेंट पक्की झाली. महिनाअखेरीला घरं रिकामी करायची. आमची भाड्याची जागा ठाण्याला ठरली, पण तिथे पार्किंग नव्हतं. माझी नणंद वृंदाताई कांदिवलीला राहते, तिच्या आवारात एक जागा मोकळी होती. पण त्या सोसायटीचा नियम कडक. बंद गाडी आत येऊ देत नाहीत. स्वतःच्या चाकांवर चालत आली तर या, दोरीने ओढत आणली तर गेटवरूनच मागे. आणि मुलुंडहून कांदिवलीला जायचं तर वाटेत तोच पवईचा चढ. नाहीतर देवनारकडचा एक भंगारवाला श्रीकांतला दोनदा फोन करून बसला होता. श्रीकांत वरवर म्हणायचा, ‘जाऊ दे ना, लोखंड आहे शेवटी.’ आणि संध्याकाळी ऑफिसातून आला की वर न येता गाडीत बसायचा.

तेव्हा मी खाली गेले आणि कोयंडेकाकांचं दार वाजवलं.

‘काका, आमची गाडी...’

‘बस. चाय घे. आता सांग, खंय बंद पडता?’

‘पवईच्या चढावर. कारण...’

मशीन खिशात गेलं. मी गप्प झाले. मशीन पुन्हा कानात आलं. असं तीनदा झालं. शेवटी मी दात-ओठ खात नुसतं जे झालं तेच सांगितलं. घरून निघाल्यापासून किती मिनिटांनी, कुठल्या खांबापाशी, बंद पडल्यावर किती वेळाने चालू झाली, आणि अण्णा जाताना गाडीबद्दल काय म्हणाले तेही. काका वहीत लिहीत होते. लिहिताना जीभ ओठाबाहेर आलेली, शाळेतल्या मुलासारखी. मग म्हणाले, ‘सासरो गेल्यापासून गाडीक काय काय केल्यात त्याची यादी व्हयी माका. लहानमोठा सगळां.’ यादी! हे तर माझं क्षेत्र. मी दुसऱ्या दिवशी तारीखवार तेवीस नोंदींची यादी त्यांच्या हातात ठेवली. मारुतीस्तोत्रसुद्धा घातलं होतं. काकांनी ती दोनदा वाचली आणि विचारलं, ‘ह्यां सगळां?’ मी ठणकावून सांगितलं, ‘काका, माझ्या यादीत चूक नसते.’

पुढच्या रविवारी काका आमच्याबरोबर निघाले. मागून पाटणकरांच्या नव्या गाडीत पाटणकर आणि मिलिंद, पंचा आणि यंत्रासह. चढावर गाडी बंद पडली तशी सगळे आपापली हत्यारं घेऊन धावले. काका खाली उतरले, फूटपाथवर स्टूल मांडलं आणि म्हणाले, ‘कोणीच हात लावचो नाय.’

‘म्हणजे?’ श्रीकांत.

‘म्हणजे बॉनेट उघडूचा नाय. पंचो नको, वायर नको. बाय, तू स्तोत्र पण म्हणा नको. अर्धो तास गप बसायचा.’

अहो, तो अर्धा तास! चार मराठी माणसं, समोर बंद पडलेली गाडी, आणि कोणी काही करायचं नाही, कोणी मत द्यायचं नाही. मिलिंदने नखं खाल्ली. श्रीकांत येरझाऱ्या घालत होता. पाटणकर तर असे तळमळत होते की मला वाटलं आता यांनाच पंचा गुंडाळावा लागतोय. दोनदा त्यांनी ‘पण माझं म्हणणं...’ अशी सुरुवात केली आणि दोन्ही वेळा काकांचं मशीन खिशात गेलं. काका आपले थर्मासमधला चहा पीत येणाऱ्या-जाणाऱ्या बसेस बघत होते. अर्धा तास झाल्यावर म्हणाले, ‘श्रीकांता, आता चालू कर.’

पहिल्या फटक्यात चालू.

‘तुम्ही केलंत काय?’ पाटणकर जवळजवळ ओरडले.

‘काय्येक करूक नाय.’

‘मग चालू कशी झाली?’

‘ह्यांच म्हणतंय मी,’ काका म्हणाले आणि स्टूल मिटलं.

आमच्या डोक्यात प्रकाश पडायला वेळ लागला. पंचा, कॉइल, वायर, कार्बोरेटर, स्तोत्र, सगळ्यांत समान होता तो फक्त वेळ. आम्ही खटपट करत होतो तेवढ्यात गाडी आपली आपण बरी होत होती. हे कळल्यावर आनंद व्हायला हवा होता, पण सगळ्यांची तोंडं सुतकी झाली. पाटणकर परत जाताना म्हणाले, ‘काही न करण्याला निदान म्हणत नाहीत.’ सात महिन्यांत पहिल्यांदा श्रीकांत त्यांच्याशी सहमत झाला, आणि तिथून दोघांची पुन्हा दोस्ती झाली.

मंगळवारी श्रीकांत ऑफिसला गेल्यावर काका वर आले. ‘बाय, तू चालव. आपण दोघाच जाऊ.’ मी चावी घेतली आणि निघाले. काका मागच्या सीटवर, वही उघडून. चढावर गाडी बंद पडली. मी आरशात पाहिलं तर काका उतरून मागे गेले होते. ‘पेट्रोलच्या झाकणाची चावी हाडलंस?’ पर्समध्ये जादा चावी होती, ती दिली. त्यांनी झाकण फिरवलं आणि मला इथपर्यंत ऐकू आला तो आवाज. फुस्स! बुडता माणूस वर येऊन श्वास घेतो ना, तसा. लांबलचक.

‘चालू कर.’

लगेच चालू. एक मिनिटसुद्धा थांबलो नव्हतो. काकांनी झाकण पुन्हा लावलं, आम्ही पवईला एक फेरी मारली, दहा-बारा मिनिटांनी गाडी पुन्हा बंद. झाकण उघडलं, फुस्स, चालू. तिसऱ्यांदा तेच. काकांनी तिन्ही वेळा वहीत घड्याळ बघून लिहिलं.

‘तू तेलाचो डबो फोडतस तेव्हा भोका किती पाडतस गो?’ त्यांनी विचारलं.

‘दोन.’

‘दुसरां कित्याक?’

घरात आलेला प्रत्येक तेलाचा डबा मी स्वतः फोडलाय. एका भोकातून तेल येतं, दुसऱ्यातून आत हवा जाते. दुसरं भोक पाडलं नाही तर चार थेंब पडतात आणि धार थांबते. पेट्रोलच्या टाकीतून पेट्रोल जात होतं, पण त्याच्या जागी हवा येत नव्हती. टाकी आतून ओढून धरायची, इंजिन तहानेने मरायचं. थांबलं की हळूहळू कुठून तरी हवा शिरायची आणि पुन्हा सगळं सुरळीत. दोष गाडीच्या मागे, आणि सात महिने आम्ही सगळे पुढे बॉनेटमध्ये डोकी घालून उभे.

‘ह्यां झाकण कोणी बसयल्यान? यादीत नाय.’

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी कुर्ल्याच्या बाजारातून मीच आणलं होतं ते. चकचकीत, कुलपाचं. अण्णांचं जुनं झाकण गंजलेलं, रबराने बांधलेलं, आणि त्याला टाचणीएवढं एक भोक. गंजून पडलं असेल असं समजून मी ते भंगारात दिलं आणि नव्याची चावी श्रीकांतच्या हातात ठेवली. त्याला किती आनंद झाला होता! ती भेट होती हो, दुरुस्ती थोडीच होती? म्हणून यादीत नव्हती. जगाच्या अकलेचा हिशेब मांडत बसलेली मी, आणि सगळ्यात पहिली काशी मीच केलेली.

‘मीच बसवलं, काका. पण त्याचं कारण असं की जुन्याचा पेट्रोलचा वास...’

मशीन खिशात गेलं.

मुलुंडला परत आल्यावर काकांनी पार्किंगमध्ये स्टूलवर बसून हातड्रिलने त्या चकचकीत झाकणाला एक बारीकसं भोक पाडलं. दोन मिनिटांचं काम. मी शेजारी उभी राहून रडकुंडीला आले होते. म्हटलं, ‘काका, श्रीकांतला सांगू नका हं.’

‘मी कित्याक सांगू? गाडी माझी नाय, नवरो पण माझो नाय.’ त्यांनी झाकणावरचा कीस फुंकून उडवला. ‘पण एक बघ. तू गप ऱ्हवलंस तर नाव कोणाचां खराब होता? तुझां नाय. म्हाताऱ्याचां. तो सांगान गेलो, गाडी ठणठणीत हा म्हणान.’

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, खरं सांगते. मला फक्त माझी फजिती दिसत होती. पाटणकर काय म्हणतील, मिलिंद ग्रुपवर काय टाकेल. अण्णांनी मला पोटच्या मुलीसारखी गाडी शिकवली, आणि मी आपली अब्रू वाचवायला त्यांना खोटं ठरवून ठेवत होते. तरी बुधवारी बोलले नाही, गुरुवारी नाही, शनिवारपर्यंत नाही. रोज ठरवायचे आणि श्रीकांत घरी आला की भाजीला फोडणी द्यायला उठायचे.

रविवारी सकाळी गाडी कांदिवलीला न्यायची होती. काकांचा मुलगा प्रकाश बोरिवलीला राहतो, काकू आदल्या दिवशीच सामान घेऊन तिकडे राहायला गेल्या होत्या, म्हणून काका आमच्याच गाडीने निघाले. मागून पाटणकर आणि मिलिंद होतेच, निरोप द्यायला, आणि खरं म्हणजे गाडी बंद पडलेली बघायला. कांजूर आलं. चढ लागला. श्रीकांतच्या कपाळावर घाम. आणि गाडीने तो चढ असा घेतला की मलाच कळलं नाही कधी संपला ते. तलाव दिसायला लागला तशी श्रीकांतने हॉर्नच वाजवला.

लगेच पाटणकरांचा फोन. ‘बघितलंत? काल संध्याकाळी मी गुपचूप पंपावर नवा पंचा बांधून ठेवलाय!’ मागून मिलिंद ओरडत होता, ‘सकाळी बॅटरी मी रीसेट केली, यार!’

श्रीकांत हसला. किती दिवसांनी हसला! म्हणाला, ‘बांधू देत पंचे. माझी परवाची कॉइलच लागू पडली.’ मग हळूहळू त्याचं हसू गेलं. ‘अण्णांनी सरळ सांगितलं असतं, गाडीत दोष आहे म्हणून, तर मी समजून घेतलं नसतं का? पण नाही. मला कधी खरं सांगायचंच नाही.’

मी मागे वळून पाहिलं. काका खिडकीतून तलाव बघत होते. ते मदत करणार नव्हते.

‘श्रीकांत, कॉइल नव्हती,’ मी म्हटलं. ‘मी जे झाकण बसवलं त्याला भोक नव्हतं. टाकीत हवा जात नव्हती. अण्णांच्या जुन्या झाकणाला भोक होतं, ते मी भंगारात दिलं. गाडी ठणठणीत होती. मी बिघडवली. मंगळवारपासून मला माहीत आहे.’

त्याने गाडी बाजूला घेतली, उतरला आणि तलावाच्या कठड्याला टेकून पाठमोरा उभा राहिला. मागे करकचून ब्रेक लागला आणि पाटणकर हातात ओला पंचा घेऊन धावत आले. ‘पडली ना बंद?’ त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की काय सांगू.

‘इंजिन चालू आहे, पाटणकर,’ श्रीकांत न वळता म्हणाला.

थोड्या वेळाने तो परत येऊन बसला. दोन्ही हात स्टिअरिंगवर. ‘म्हणजे अण्णा खरं बोलले होते,’ तो म्हणाला, आणि ढसाढसा रडायला लागला. अण्णा गेले तेव्हासुद्धा तो असा रडला नव्हता. मीही रडले. मला शिव्या मिळाल्या त्या संध्याकाळी, भरपूर मिळाल्या, आणि मी एकीलाही कारण दिलं नाही.

मागून आवाज आला, ‘रडान झालां काय रे? माका बोरिवलीक जावचा हा. काकू जेवची थांबली असतली.’

बोरिवलीला त्यांना सोडून आम्ही कांदिवलीला मागे फिरलो. त्यांनी आम्हाला वर येऊ दिलं नाही. काखेत स्टूल घेऊन, रस्ता ओलांडून, मागे न बघता गेले. तेच शेवटचं पाहणं. त्यानंतर पाचव्या महिन्यात प्रकाशचा फोन आला की बाबा सकाळी झोपेतच गेले. मला त्या दिवशी स्वयंपाक सुचला नाही. एवढ्या वर्षांत मला कोणी बोलताना असं थांबवलं नव्हतं, आणि कोणी माझं इतकं नीट ऐकूनही घेतलं नव्हतं.

आम्ही गाडीनेच बोरिवलीला भेटायला गेलो. प्रकाशने गॅलरीतून खाली गाडी पाहिली आणि मला म्हणाला, ‘ती गाडी दुरुस्त करणाऱ्या वहिनी तुम्हीच ना?’

‘छे हो! काकांनी केली.’

‘आम्हीपण तेच म्हणायचो. बाबा ऐकूनच घ्यायचे नाहीत. म्हणायचे, मी नुसतां भोक पाडलंय. गाडी तिना बरी केल्यान, भर रस्त्यार, नवऱ्याच्या तोंडार.’

मी आपली पदराशी चाळा करत राहिले.

‘हो,’ श्रीकांत म्हणाला. ‘हिनेच केली.’